उगवतीचा पाऊस

संध्याकाळी आभाळ तांबडं झालं की मेंढपाळ सुखावतो, सकाळी तांबडं दिसलं की सावध होतो, अशी एक जुनी इंग्रजी म्हण आहे. इंग्लंडात ती बरीचशी खरी ठरते. तिथला पाऊस बहुधा पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतो; मावळतीला तांबूस उजेड म्हणजे तिकडचं आभाळ मोकळं, उद्या उघाड. वऱ्हाडात, संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालच्या शिवारात मात्र ती दगा देईल. इथला दमदार पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरात उठतो आणि अख्खा विदर्भ ओलांडत उगवतीकडून येतो.

अशा म्हणी वऱ्हाडात शाळेच्या पुस्तकांतून आल्या. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला, १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली. इथला कापूस विलायतेच्या गिरण्यांकडे निघाला आणि तिकडचं शहाणपण उलट वाटेने आलं. ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, हे इथल्या पोरांनीही घोकलं. इथे उन्हाला काय तोटा! हातून निसटतो तो वापसा. मिरगाचा पाऊस पडून गेला की जाणतं माणूस वावरातली मूठभर माती दाबून तिचा गोळा करतं आणि कमरेच्या उंचीवरून सोडतं. गोळा फुटला तर तिफण काढायची. चपटा होऊन बसला तर अजून थांबायचं. काळी जमीन ओली असताना पाय ठेवू देत नाही, वाळली की दगड होते. मधले दिवस मोजकेच.

आपल्या म्हणीही जागा बदलली की अशाच दगा देतात. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ सगळा महाराष्ट्र म्हणतो. ऑक्टोबरअखेर ती सर आली की धुऱ्याच्या अलीकडे हरभऱ्याचं भलं होतं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच रब्बी काढायची, तेव्हा ते थेंब मोत्यांचेच. धुऱ्याच्या पलीकडे पऱ्हाटी उभी असते. बोंडं फुटलेली, सीतादहीची पूजा करून वेचणी नुकती लागलेली. भिजलेल्या कापसाचा रंग जातो, भाव उतरतो. कितीदा तरी दोन्ही वावरं एकाच घरची असतात. स्वाती पडावी का, असं त्या घरातल्या बाईला विचारलं, तर ती आधी विचारील, कोणत्या वावरात?

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. पहाटे त्यांतले बदल पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. त्या पहाटे गोळा होणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल मला कळते, पण एका रात्रीच्या मांडणीवर बियाणं मातीत टाकावं, असं मी कुणाला सांगणार नाही. म्हणीमागे कित्येक हंगामांची नजर असते, आणि ती चुकली तर शिवारातच कळतं.

आल्फ्रेड मॅनवारिंग यांनी १८९९ मध्ये मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून काढला. पुढे दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश आला. या कामाचं ऋण मोठं आहे. आता संग्रामपूर तालुक्यात कुणी म्हणी टिपायला निघालं, तर म्हणीपुढे गाव लिहावं, जमीन काळी की बरड ते लिहावं, सांगणारा कपाशीवाला की हरभऱ्यावाला हेही. नक्षत्रं पाहून तिफण धरलेली माणसं अजून पारावर बसतात. येत्या मिरगाआधीच हे काम हाती घ्यायला हवं.