विमानाच्या मुठी

अमेरिकेत घरच्या गॅरेजात विमान बांधणारा आमचा भाचा पंखांपाशी अडला नाही. तो अडला इंजिनाच्या मुठींपाशी! तरफा घ्याव्या, की ओढावयाच्या-ढकलावयाच्या दांड्या? राइट बंधूंस १९०३ साली ही विवंचना नव्हती. त्यांच्या इंजिनास थ्रॉटलच नव्हते. आता थ्रॉटलची मूठ काळी, प्रोपेलरची निळी व इंधन-हवेच्या मिश्रणाची तांबडी, असा संकेत आहे. पण विमान उतरविताना दृष्टी धावपट्टीवर खिळलेली. रंग पाहावयाचा कोणी? म्हणून मुठींचे आकारही भिन्न ठेवतात. तांबडी मूठ चुकून पूर्ण ओढली गेली, तर इंधन तुटून इंजिनच बंद पडावयाचे! उलट, थ्रॉटलची तार तुटल्यास ते आपोआप पूर्ण उघडावे, अशी स्प्रिंग कित्येक इंजिनांस असते. कारण शक्ती अधिक झाली तरी धावपट्टी गाठता येते, शक्तीच गेली तर मिळेल तेथे उतरावे लागते.

भाच्याने थ्रॉटलला तरफ योजली. मिश्रणाला मात्र बटण दाबल्यावाचून न सरकणारी दांडी. आम्हांस ही निवड मनापासून पटली. मनुष्याचा हात चुकणारच, हे गृहीत धरणे यातच कारागिराचे शहाणपण आहे. शिवाय, त्याच्या शेजारच्या आसनावर पुढे आमची बहीण बसावयाची आहे!