खोटं बोलण्याची परवानगी

‘फार तांत्रिक नको, मित्रमंडळींत मर्डर मिस्टरी कशी रंगवायची तेवढं सांगा,’ असं संपादकांनी कळवलं. त्यांची अडचण मला समजते. पण या खेळातून तंत्र काढून घेतलं, की मागे उरतात मालवलेले दिवे, एक किंकाळी आणि सांडलेला लाल रंग. बहुतेकांना खेळ म्हणजे एवढंच वाटतं. फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘मरणार कोण?’ माझ्या खेळात पाहुण्यांपैकी कुणीही मरत नाही. मयत व्यक्ती खेळ सुरू होण्याआधीच गेलेली असते. हौसेने आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत प्रेत करून कोपऱ्यात बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हे नाटक नव्हे, कारण इथे प्रेक्षक नसतात आणि पाठ केलेले संवादही नसतात. दहा-बारा माणसं जमतात, प्रत्येकाच्या हाती एक पाकीट येतं. आपण कोण, मयताशी आपलं नातं काय, आपल्याला काय ठाऊक आहे, काय लपवायचं आहे आणि आज काय साधायचं आहे, एवढं त्यात लिहिलेलं असतं. पुढचे दोन-अडीच तास माणसं एकमेकांना गाठून, बाजूला घेऊन, माहितीच्या बदल्यात माहिती देऊन सत्य गोळा करतात. त्यामुळे खेळ रचणाऱ्याचं खरं काम खून लिहिण्याचं नसतं. ते माहितीच्या वाटपाचं असतं.

उदाहरण देते. माझा एक खेळ १९३०च्या सुमाराच्या संगीत नाटक कंपनीत घडतो. दुसरा अंक चालू असताना कंपनीचे मालक बिऱ्हाडी मृत सापडतात. उकलीचा कणा एकच आहे: त्या वेळी नायक विंगेत नव्हता. ही गोष्ट मी एकाच पाकिटात घातली आणि ते पाकीट मिळालेला माणूस संकोचाने गप्प राहिला, तर खेळ तिथेच संपेल. म्हणून ती तीन वाटांनी येते. पेटीवाल्याला आठवतं, की नायकाचा प्रवेश होईना म्हणून पदाचा मुखडा पुन्हा पुन्हा वाजवत राहावं लागलं. प्रॉम्प्टरच्या वहीत पेन्सिलीची खूण आहे, कारण त्याच जागी विनोदी नटाने पदरची वाक्यं घालून वेळ मारून नेली. कपडेपट सांभाळणाऱ्याने नायकाच्या शेल्याला लागलेला ओला चिखल पाहिला आहे. आपल्याकडे काय आहे, हे तिघांनाही कळलेलं नसतं. पेटीवाला दमल्याची तक्रार सांगतो, प्रॉम्प्टर नटाच्या आगाऊपणावर चिडतो, कपडेपटवाला धुणं वाढलं म्हणून कुरकुरतो. तीन कुरकुरी एकत्र आल्या की पुरावा होतो.

रोल-प्लेइंग खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली हा नियम स्पष्ट मांडला: ज्या निष्कर्षावाचून खेळ पुढे सरकत नाही, त्यासाठी किमान तीन पुरावे ठेवा. मी त्यासाठी मोठ्या कागदावर तक्ता आखते. आडव्या ओळींत पुरावे, उभ्या रकान्यांत माणसं. एखादा रकाना रिकामा राहिला, तर त्या पाहुण्याची संध्याकाळ वाया जाणार हे आधीच दिसतं. बोलावलेल्यांपैकी एकदोघं आयत्या वेळी येत नाहीत, हे गृहीत धरून दोन भूमिका सुट्या करता येतील अशा ठेवायच्या आणि एकमेव पुरावा त्यांच्या हाती कधीच द्यायचा नाही. माणसं विसाच्या वर गेली, तर एका भूमिकेला दोघं. दिशाभूल करणारे धागे हवेत, पण शेवटी प्रत्येकाचा उलगडा झाला पाहिजे. आणि निकालाची चर्चा सुरू होण्याआधी खुनी कोण, का आणि कसा, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

भूमिका कुणाला कोणती द्यायची, यात तर निम्मं यश आहे. बोलक्या माणसाला लपवण्यासारखं भरपूर द्यावं. अबोल माणसाला सगळ्यांना हवी असलेली माहिती द्यावी. मग त्याला कुणाकडे जावं लागत नाही, लोकच त्याच्याकडे येतात. एरवी ज्याला कुणी काही विचारत नाही, अशा माणसाभोवती पाचजण वाट बघत उभे राहिलेले मी पाहिले आहेत. माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो तो अशा वेळी.

आता आमच्यातल्या वादाकडे येते: आपण खुनी आहोत हे खुन्याला आधीपासून माहीत असावं का?

इथे दोन घराणी आहेत. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचलेला ‘क्लुडो’ १९४९ साली वॉडिंग्टन्स या कंपनीने बाजारात आणला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. म्हणजे ३२४ शक्यता. उत्तर बंद पाकिटात असतं, आणि आपण ज्याची सोंगटी चालवतो तोच खुनी निघू शकतो. खेळाडूला त्याचा पत्ताच नसतो. दुसरं घराणं ‘माफिया’चं. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव यांनी १९८६ साली तो खेळ रचला. तिथे मारेकरी स्वतःला आणि एकमेकांना ओळखून असतात, बाकीचे अंधारात. सगळा खेळ खोटं पकडण्याचा.

मी दुसऱ्या बाजूची आहे, मात्र एका अटीवर. खोटं बोलण्याची परवानगी फक्त खुन्याला. निरपराध्याने गुपित राखावं, विषय बदलावा, ‘सांगणार नाही’ म्हणावं. पण विधान केलं तर ते त्याच्या पाकिटाला धरून खरंच असावं. ही अट नसेल, तर साक्षीला किंमतच राहत नाही. ती असेल, तर दोन साक्षी उघडपणे एकमेकींना खोडू लागल्या की त्या दोघांतच खुनी आहे हे निश्चित होतं. मग खुन्यालाही प्रत्येक खोटं जपून खर्च करावं लागतं, आणि ऐकणाऱ्यांना लक्षपूर्वक ऐकावं लागतं. पहिल्या घराण्याचे लोक म्हणतात, की यात एका माणसाला संध्याकाळभर एकटं पाडलं जातं. हा आक्षेप मी बरीच वर्षं मोडून काढत आले. या पावसाळ्यापासून तो मला तितक्या सहज मोडता येत नाही.

कर्जतजवळच्या एका रिसॉर्टवर एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी खेळ होता. नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलीने खुन्याची भूमिका चालेल, असं फॉर्मवर आधीच लिहून दिलं होतं. ती अप्रतिम खेळली. सबंध संध्याकाळीत दोनदाच खोटं बोलली, तेही जिथे पडताळा घेता येणार नाही अशाच जागी. कुणाच्याही चिठ्ठीवर तिचं नाव आलं नाही. आणि नेमकं तेव्हा यजमानांनी जेवणाची घाई केली आणि खेळाचा शेवटचा भाग रद्द करायला लावला. पुढे तिचा फोन आला. ऑफिसात लोक हसत हसत म्हणतात, ‘तुझं काय, तू काहीही खपवशील.’ तिने मांडलेले आकडे आता दोनदा तपासले जातात. तिने मला विचारलं, ‘मॅडम, मी नीट खेळले ना?’

तो शेवटचा भाग पंधरा मिनिटांचा असतो. त्यात खुनी आपलं पाकीट उघडून मोठ्याने वाचतो: इथे मला खोटं बोलायला सांगितलं होतं, ते मी अमुक ठिकाणी बोललो. मग प्रत्येकजण पाकीट परत करतो आणि आपलं खरं नाव सांगतो. बघणाऱ्याला ही निव्वळ औपचारिकता वाटते. पण खोटं त्या कागदाचं होतं, माणसाचं नव्हे, हे सर्वांसमक्ष ठरायला दुसरी जागा नाही.

‘आमच्याच लोकांवर गोष्ट लिहा, मजा येईल,’ अशी मागणी नेहमी होते. मी ती कायम नाकारते. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून मराठी माणसाला याचं कारण ठाऊक असायला हवं. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यात शिरतो आणि बाकीचे सगळे खेळाच्या नावाखाली निर्धास्त राहतात. आरोप कल्पित आहे की खरा, ही सीमा एकदा पुसली की खेळ उरत नाही, शिकार उरते.

म्हणून तुम्ही घरी खेळ मांडणार असाल, तर गुपितं सगळी कल्पित ठेवा, खुन्याची संमती आधी घ्या आणि ती शेवटची पंधरा मिनिटं जेवणाच्या आधी राखून ठेवा. खुन्याला माहीत असावं, हे माझं मत अजून कायम आहे, पण ते आता या तीन अटींवर उभं आहे. कुणाला खुन्यावरचा हा भार नको असेल, तर पहिल्या घराण्याचा खेळ मी आनंदाने लिहून देते. शेवट कापायचा असेल, तर मात्र मी काम घेत नाही.