मालगुंडचे मास्तर

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गणपतीपुळ्याला गेलो. सामानात उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही होता. “देवाला आलात की पेपर तपासायला?” सौभाग्यवतींनी विचारले. नोकरीतून सवड मिळाली की लिहीन, असे मी त्यांना वीस वर्षे सांगत आलो आहे!

दुसऱ्या दिवशी जवळच्या मालगुंडला गेलो. केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा, याच गावातला. कोकण मराठी साहित्य परिषदेने इथे त्यांचे स्मारक उभारले आहे. वडील शाळामास्तर, मुलगाही मास्तरच झाला. मुंबई, खानदेशातले फैजपूर, शेवटी धारवाड, अशी पोटामागची वणवण. १९०५ साली हुबळीस प्लेगने गाठले, तेव्हा वय अवघे ३९. हयातीत कवितांचे पुस्तकसुद्धा निघाले नाही. ते मागाहून हरिभाऊ आपट्यांनी काढले.

मराठीत चौदा ओळींचे सुनीत रुजवले ते याच मास्तरांनी. आधी मनात आले, शाळेच्या दोन तासांमध्ये मावेल असाच हा आकार! मग माझे मलाच हसू आले. त्या चौदा ओळी किती दिवस मनात घोळल्या असतील, वर्गात, वाटेने, दिवे मालवल्यावर. सवड त्यांना कुणी दिली नव्हती.

रात्री गठ्ठा सोडला. दहा पेपर तपासले आणि अकराव्याआधी एक कोरा कागद पुढे ओढला. त्यावर उतरले ते छापण्याजोगे नाही. पण ‘सवड नाही’ हे शब्द तेव्हापासून मी घरात उच्चारलेले नाहीत.