दात कुणाचे, डबा कुणाचा

शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५
टोकावड्याहून पहिली एसटी धरली तरी चोरबाजार वेळेवर गाठता येत नाही, म्हणून काल रात्री कल्याणला ताईकडे मुक्काम. पहाटेची लोकल, सँडहर्स्ट रोडला उतरून पायी. शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात, पण रस्त्यावरच उजाडायच्या आत बाजार मांडला जातो. एकेरी बूट, रिमोट, चष्म्यांच्या काड्या. त्यात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत मासे पकडायच्या जुन्या ल्यूर्स, म्हणजे नकली आमिषं, एकमेकींत गुंतून गोळा झालेल्या.

असा डबा दिसला की तो तिथे निरखत बसायचं नाही. भिंग काढलं की भाव चढतो. मी शेजारचा तुटका कंदील आधी विचारला. मग डबा. तो आठशे म्हणाला, ‘शोपीस आहे चाचा’. साडेतीनशेला दिला.

शनिवार, १५ फेब्रुवारी
ओटीवर वर्तमानपत्र पसरून गुंता सोडवला. गळ गंजून एकमेकांत अडकलेले. ओढले तर रंग जातो, म्हणून आधी पक्कडीने गळच कापले. ते नाहीतरी बदलायचेच होते.

नाव शोधायची जागा प्रत्येकीची वेगळी. लाकडी माशाच्या हनुवटीखाली पारदर्शक जीभ असते, तिच्यावर ‘रापाला’ आणि ‘फिनलंड’ अशी अक्षरं निघाली. पुढे ही कंपनी आयर्लंड, एस्टोनिया, चीन अशी पसरली, त्यामुळे जिभेवरचा देश पाहिला की काळाचा थोडा अंदाज येतो. लांबट चमच्याच्या पाठीवर ‘अबू’ आणि ‘स्वीडन’. या चमच्याचं नाव टोबी. १९२१ साली स्वेंग्स्ता गावात अबूचा कारखाना निघाला तो खिशातली घड्याळं करायला. टॅक्सीचे मीटरही त्यांनी केले. मासे नंतर आले. फिरत्या पात्याच्या छोट्या ल्यूरवर ‘मेप्स’, ‘फ्रान्स’ आणि आकड्यात माप. नक्कल करणारे नाव बहुधा वरवर छापतात, ठशाने खोल उमटवत नाहीत. नखाने घासून बघावं.

एक जुना डेव्हनही आहे, दोन्ही बाजूंना कल्ले असलेला, पाण्यात स्वतःभोवती फिरणारा. फिरती कडी लावली नाही तर तंगूसला असा पीळ बसतो की शेवटी ती कापूनच टाकावी लागते. दोन जाड पितळी चमच्यांवर मात्र काहीच नाही. ना नाव, ना गाव.

तळाशी मऊ रबरी गांडुळं होती, ती वितळून एका प्लास्टिकच्या बेडकाच्या पोटाला चिकटली आहेत. त्यांतलं तेल कडक प्लास्टिकला आणि रंगाला खातं. बेडूक गेला.

रविवार, २३ फेब्रुवारी
नावं सापडली, पण डबा कुणाचा ते नावं सांगत नाहीत. आज सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक ल्यूर फिरवून पाहिली. पोटावर अर्धगोल ओरखडे असतात ते गळ झुलून झुलून पडलेले. जितके खोल, तितकी ती ल्यूर पाण्यात जास्त गेली. रापालावर असे ओरखडे लाकडापर्यंत आहेत. शिवाय शेपटीकडे सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, दोन्ही बाजूंना. हे दात. टोबीवर एक चरा नाही. मालकाने घेतला, एकदा टाकला असेल, आवडला नाही.

संग्रह करणाऱ्याला टोबी प्यारा, कारण तो कोरा. माझं उलट आहे. जुन्या डब्यात सगळ्यात चावलेली ल्यूर आधी उचलावी. मालक वर्षानुवर्षं तिच्याकडे का वळत होता, ते माशांनीच तिच्यावर लिहून ठेवलेलं असतं.

पितळी चमचे मात्र कोड्यात टाकतात. भरपूर वापरलेले, कडा झिजलेल्या, पण दाताची खूण नाही. आणि त्यांचे गळ (कापून ठेवलेले आज परत पाहिले) नुसते गंजलेले नाहीत, चेपलेले आहेत. तीनपैकी दोन काटे दांडीला भिडलेले.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पुतण्याच्या गाडीवर शहापूरमार्गे वाड्याला, तिळसेश्वराच्या यात्रेला. वैतरणेच्या डोहात देवाचे मासे आहेत, महसीर. त्यांना कुणी धरत नाही, कुरमुरे टाकतात. एवढ्या गर्दीतही ते पायरीशी येतात. जाड ओठ, मिशा, मोठमोठे खवले. तोंड उघडलं की आत दात नाही.

दात घशात असतात. महसीर भक्ष्य आत ओढून घशाशी चिरडतो, आणि जबड्याची पकडही सांडशीसारखी. चेपलेल्या गळांचं कोडं पायरीवर उभ्या उभ्या सुटलं. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन थॉमस या कलेक्टरने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, ‘द रॉड इन इंडिया’. विलायती सामन माशासाठी घडवलेले गळ महसीरपुढे टिकत नाहीत, ही त्या काळच्या साहेबांची कायमची रड. म्हणून चमचा जाड, गळ त्याहून जाड. दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव कर्नल साइक्सने १८३९ साली दिलं. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण तलावाशी १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली आणि पिल्लं ठिकठिकाणी सोडली.

म्हणजे आमच्या डब्याचा मालक नदीवर किंवा घाटमाथ्याच्या तलावांवर जाणारा. पवईला बसून कणकेवर कटला धरणारा नव्हे. पुतण्या म्हणाला, ‘काका, साडेतीनशेत किती वसूल करणार?’

शनिवार, ८ मार्च
दुरुस्ती. रंगाला हात लावायचा नाही, हा नियम. कोमट पाणी, थोडा साबण, जुना दात घासायचा ब्रश. थिनर अजिबात नको, जुना वार्निश सुरकुततो. चमचे घासायला घरचे पितांबरी घेऊन उत्साहाने बसले होते, त्यांना थांबवलं. मग विचार केला, मला कुठे विकायचंय. चमच्याची एक बाजू घासली, दुसरी काळी ठेवली. पाण्यात लोळताना तो पेटतो-विझतो असं दिसतं, नुसत्या लकाकीपेक्षा ते बरं.

नवे गळ कल्याणहून आणले. जुन्याच्या वजनाचेच हवेत, लाकडी ल्यूरला तर नक्कीच. गळ जड झाला की तरंगणारी बुडते आणि तिची चाल मरते. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल. कड्याही बदलल्या. जुनी कडी वरून धड दिसते आणि सांध्यात तुटते.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा
आज घरात मासळी नाही, त्यामुळे गळ न लावता नुसती चाल बघायला काळूवर गेलो. गळांऐवजी तेवढ्याच वजनाचं शिसं गुंडाळलं. उन्हाळ्यात नदी तुटून डोह उरतात, पाणी काचेसारखं. ल्यूर काय करते ते दिसतं.

रापाला डावीकडे पळत होती. नाकातली तारेची कडी चिमट्याने उजवीकडे किंचित वळवली. किंचित म्हणजे डोळ्याला कळणार नाही इतकीच. सरळ झाली. लाउरी रापाला हा फिनलंडचा गरीब कोळी. जे पोर थव्यातून डगमगत बाजूला पडतं त्यालाच मोठा मासा उचलतो, हे त्याने तळ्यावर पाहिलं होतं. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. त्याच्या मागाहून ही बाल्सा लाकडाची आली, पण डगमग तीच.

पितळी चमच्याला इथे वावच नाही. पडतो तो थेट दगडात.

कातकरवाडीतले बाबा काठावर येऊन बसले होते. बराच वेळ पाहून म्हणाले, ‘गुरुजी, गळ नाही तर मासा काय वास घेऊन जाणार?’

शनिवार, १९ एप्रिल
बाबांनी जागा दाखवली. करंजाच्या मुळांखाली मरळ आहे, म्हणाले. मला काही दिसेना. ‘बघा नको, ऐका.’ मरळीला वरची हवा लागते. थोड्या थोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येऊन घोट घेते, त्याचा ‘चुप्’ असा आवाज होतो. त्या आवाजावर त्यांनी हयात काढली आहे. ते कोवळा बेडूक लावतात, ल्यूर-बिर काही नाही.

आवाज झाला तिथे टाकायचं नाही, पलीकडे टाकून तिच्यापर्यंत आणायचं. दोन वेळा नुसतं ओढलं, काही नाही. ‘थांबवा की,’ बाबा म्हणाले, ‘भ्यालेला मासा मध्येच दम खातो.’ थांबवली. तरंगणारी असल्याने ती हळू वर आली आणि अर्ध्यावरच पाणी फुटलं.

हातभर मरळ. गळ सोडवताना पाहिलं तर शेपटीकडे नवी भोकं पडलेली, अगदी जुन्यांच्या शेजारी, तशीच बारीक. म्हणजे मालक महसीरच्या मागे हिंडायचा आणि येता-जाता मरळही धरायचा. कुठल्या पाण्यावर, ते ही भोकं काही सांगत नाहीत. मासा बाबांकडे दिला. जागा त्यांची.

बुधवार, २८ मे
परवा, २६ तारखेला, मुंबईत पाऊस दाखल झाला. मेमध्ये इतक्या लवकर आल्याची नोंद नाही म्हणतात. इकडे माळशेजवर ढग आधीपासूनच टेकले होते. काळू लाल झाली. गावात वलगणीची धांदल. नव्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला ओढ्यांत, शेतांत चढतात आणि लोक टोपल्या, फडकी, मच्छरदाण्या घेऊन धावतात. चव न्यारी असते, नाकारत नाही. पण मच्छरदाणीत बोटाएवढी पोरंही येतात, आणि मग मार्चमध्ये नदीत मासाच नाही म्हणून हीच मंडळी ओरडतात.

गढूळ पाण्यात ल्यूरचं काम नाही. शिवाय मरळी आता पिल्लांच्या लाल झुबक्यावर राखण करतील. तेव्हा त्या कशावरही तुटून पडतात, भुकेने नव्हे. त्यांना तेव्हा धरणं मला पटत नाही.

सगळं पुसून, वाळवून, प्रत्येक ल्यूर वेगळ्या कागदात गुंडाळली. रबरी गांडुळं काचेच्या बरणीत, लांब. टोबीला कल्याणच्या एका संग्राहकाने बाराशे देऊ केले आहेत, कोरा आहे म्हणून. देऊन टाकणार. त्या पैशात गळ आणि तंगूस येईल. रापाला बाबांनी मागितली आहे, दिवाळीनंतर, एका दिवसापुरती.