दोष कॅमेऱ्यात नव्हता

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर थंडीत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, थव्याथव्याने उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंसही येतात. या हंसाची ओळख सोपी : पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे.

होडी थव्याजवळ गेली. नावाडी हळूच म्हणाला, "साहेब, हलू नका. पट्टे कसे स्पष्ट दिसतायत बघा!" मी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला. पट्टे दिसेनात, मधोमध नुसता धुरकट डाग. लेन्स पुसली, सेटिंग बदललं, तरी तेच. मग सहज डाव्या डोळ्याने पाहिलं आणि दोन्ही पट्टे लख्ख दिसले.

घरी येऊन फोटो संगणकावर उघडले. सगळे स्वच्छ आले होते. ऑटोफोकसने आपलं काम चोख केलं होतं. दोष माझ्या डोळ्यात होता.

मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. रोज पेशंटना "वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या" असं बजावणाऱ्या मी स्वतः मात्र तीन वर्षं तपासणी टाळली होती. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज आली होती. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. नजर बरीच सुधारली, पण पूर्वीइतकी नाही.

हे आधी का कळलं नाही? दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा कमजोर डोळ्याची उणीव भरून काढतो. शिवाय सुरुवातीला दुखत नाही, लालीही येत नाही.

म्हणून मंडळी, टाइप 2 मधुमेहाचं निदान झालं की लगेच आणि त्यानंतर साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या, नजर उत्तम असली तरी. घरी अधूनमधून एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघा. मात्र ते नीट वाचता आलं म्हणून तपासणी टाळू नका. अक्षरं पुसट किंवा सरळ रेघा वाकड्या दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

यंदाही भिगवणला जाणार आहे. कॅमेरा आता डाव्या डोळ्याला लावतो. तपासणीची तारीख मात्र सहलीच्या आधीची घेतली आहे.