धावावं लागू नये असं घर

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं जुनं घर म्हाताऱ्या माणसासाठी सुरक्षित आहे का, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो: रात्री जमीन हलली, किंवा नुसती लघवीला जाग आली, तर त्यातल्या आजी-आजोबांना धावावं लागेल का? नोव्हेंबर २०१८ मध्ये धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतला मोठा ४.१ रिश्टरचा होता. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची मुलगी दगावली, ती भिंतीखाली सापडून नव्हे, तर घराबाहेर पळापळीत पडून डोक्याला दगड लागल्यामुळे. धक्क्याइतकंच पळणंही जिवावर बेततं. गुडघे धरलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेल्या माणसाला तर ते जमतच नाही. त्यात दिवाळीनंतर तरणी माणसं वीटभट्टीवर, बांधकामांवर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत जातात आणि पाड्यावर म्हातारी माणसं नि नातवंडं उरतात. ही मालिका सुरू झाली ती नेमकी याच दिवसांत.

म्हणून जुनं घर पाडण्याआधी त्याची ताकद ओळखावी, असं माझं ठाम मत आहे. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेली भिंत हलकी असते. ती लवते, तिचा लेप गळतो, पण माणूस चिरडेल असं वजन तिच्यात नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली. आपल्या कुडाच्या घराचा धोका वेगळीकडे आहे: खांबांच्या बुंध्यात आणि कौलांत. जमिनीत पुरलेला खांब वरून धडधाकट दिसतो. मातीलगत कोयत्याचं टोक खुपसलं की वाळवीनं पोखरलेला भुसा बाहेर येतो. असा बुंधा कापून खाली सिमेंटचा पाया द्यावा लागतो. आणि सुटी कौलं घसरतात ती पागोळीच्या कडेनं, म्हणजे बरोबर दाराच्या तोंडाशी, जिथे पळणारा माणूस बाहेर येतो. दारावरच्या आणि खाटेवरच्या ओळी तारेनं बांधल्या, खाली जाळी ठोकली, तर आतल्या माणसाला खाटेवरच थांबता येतं. भांड्यांची मांडणीही खाटेपासून लांब हलवावी.

पण धक्के रोज बसत नाहीत, संडासला मात्र रोज रात्री जावं लागतं. माझ्या मते खरी कसोटी तिथे लागते. अनेक घरांत संडास अंगणापलीकडे असतो, मध्ये उंच उंबरा, ओट्याची उंच पायरी आणि पावसाळ्यात चार महिने चिखल. उंबऱ्याला लागून आत-बाहेर अर्धी पायरी बांधणं, वाटेवर खडबडीत फरशा टाकणं, कंबरेच्या उंचीवर बांबूचा कठडा आणि एक दिवा लावणं, एवढं पाड्यावरच्या गवंड्याला जमतं. उकिडवं बसवत नसेल तर भोक पाडलेली लाकडी खुर्ची संडासच्या भांड्यावर ठेवता येते.

यावर कुणी म्हणेल, घरकूल योजनेतून पक्कं घरच का घेऊ नये? जोतं, दारावरची पातळी आणि छप्पर अशा तिन्ही ठिकाणी सळईचे पट्टे देऊन बांधलेलं घर चांगलंच. ते मिळत असेल तर जरूर घ्यावं. पण योजनेतले पैसे अपुरे पडले की काटछाट होते ती याच पट्ट्यांवर. मग उरते पट्ट्याविना जड भिंत, आणि त्या घरातली गुळगुळीत टाइल म्हाताऱ्या पायाला शेणानं सारवलेल्या जमिनीपेक्षा अधिक घसरवते. दुसरा आक्षेप असा की कुडाच्या भिंतीत आधाराचा दांडा टिकत नाही. ते खरं आहे, म्हणून दांडा भिंतीला नव्हे, खांबाला बसवावा. खांब नसेल तिथे लोखंडी नळी काँक्रीटमध्ये पुरावी. ‘आम्हाला सवय आहे’ हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं मी मानतो, पण सवय असते ती दिसणाऱ्या डोळ्यांना आणि वाकणाऱ्या गुडघ्यांना.

ग्रामसभांना माझी कळकळीची विनंती आहे: पाड्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांची यादी करा, आणि तरणी माणसं दिवाळीनंतर भट्टीवर निघण्याआधी त्यांच्याच हातांनी ही कामं उरकून घ्या.