तोब्रुकच्या गणपतांस अनावृत पत्र

राधानगरी, २० जून

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधल्या गणपतांनो,

गोरे साहेब मराठा शिपायाला सरसकट ‘गणपत’ म्हणायचे, म्हणून हा मायना. खरं तर तुम्हाला नावानिशी हाक मारायला हवी होती.

२० जून १९४२. इकडे मृगाच्या पावसात भाताचे तरवे वर आले असतील, आणि तुम्ही लिबियातल्या तोब्रुकच्या आग्नेय कडेला मोर्चे धरून होतात. मुलूख इटलीची वसाहत, राखायचा इंग्रजांसाठी, आणि राखणदार तुम्ही! पहाटे पाचच्या सुमारास जर्मन सेनापती रोमेलची विमानं आली ती तुमच्याच डोक्यावर. मागून रणगाडे. समोरचे सुरुंग बरेचसे आधीच उपसून पश्चिमेला गझालाच्या फळीकडे नेलेले, रणगाडे अडवायचा खंदक वाळूनं बुजत आलेला. तोब्रुक पुन्हा वेढ्यात लढवायचं नाही, असं वरच्यांनी त्याच वर्षी ठरवलं होतं. ऐन वेळी बेत फिरला. तोब्रुकची फळी तुमच्यापाशी फुटली. दुसऱ्या दिवशी तोब्रुकची कमान सांभाळणाऱ्या जनरल क्लॉपरनं शरणागती दिली आणि तीस हजारांवर माणसं कैद झाली. जर्मन मराठ्यांच्या जागेतून आत शिरले, एवढंच पुस्तकांत येतं. खोटं नाही, पण मला खटकतं. खंदक बुजू दिला कुणी, हेही त्याच ओळीत यायला हवं.

सहाच महिन्यांपूर्वी हाँगकाँगमध्ये कॅनडाच्या पोरांचं असंच झालं होतं. विनिपेग ग्रेनेडियर्स आणि रॉयल रायफल्स, मिळून १,९७५ जण. नोव्हेंबर १९४१ मध्ये उतरले, नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं. राजपूत आणि पंजाबी पलटणीही तिथं होत्या. साडेपाचशेहून अधिक कॅनेडियन घरी परतलेच नाहीत. त्यातले कितीतरी जपानी कैदी छावण्यांत दगावले. पण कॅनडात बोंब झाली. अर्धवट शिकवलेली पोरं पाठवलीच का, म्हणून सरन्यायाधीश डफ यांची चौकशी बसली. त्यांनी सरकारला जवळपास मोकळंच सोडलं (चौकशांचं असंच असतं), तरी प्रश्न चव्हाट्यावर आला. मुळात युद्धात उतरायचं की नाही, हे कॅनडाच्या संसदेनं ठरवलं होतं. तुमच्या वेळी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी ३ सप्टेंबर १९३९ला परस्पर जाहीर करून टाकलं. आपल्याकडे कोण कुणाची चौकशी करणार?

आमचंही चुकतंच. एरिट्रियातल्या केरनची जिंकलेली लढाई सांगताना छाती फुगते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आम्हाला पाठ आहेत. तोब्रुक आलं की विषय बदलतो. इटलीच्या आव्हेझानोला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती, हे तर कुणाच्या कानावरही नसतं.

उत्तर आफ्रिकेत धरलेल्या हिंदी कैद्यांतूनच सुभाषबाबूंनी जर्मनीत आझाद हिंदची पलटण उभारली. काही गेले, बरेच गेले नाहीत. जे गेले त्यांना फितूर आणि जे राहिले त्यांना इंग्रजांचे चाकर म्हणणं मला तरी जमत नाही. भूक होती, दडपण होतं, खाल्ल्या मिठाची आण होती. पण कोणासाठी लढणार, हे बेळगावच्या भरतीपासून तिथवर तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते थेट तारांच्या कुंपणाआड.

तुम्ही काय उत्तर दिलंत? आणि परत आल्यावर घरच्यांना ते सांगितलंत का?

तुमच्या मुलखातला,
एक राधानगरीकर